मॅडम परत बसतात

‘पोटरी दाबली की दुखतं?’

उत्तर द्यायच्या आधीच तो पाय आखडून घेतो. मॅडम दुसरी पोटरी दाबतात, या वेळी हलक्या हाताने. मग अंगठ्याने त्याची खालची पापणी ओढून बघतात. डोळे लाल आहेत, पण चिपडं नाहीत. ताप चार दिवसांचा, आणि अंगदुखी अशी की काल शिलाई मशिनवर बसवलं नाही. जीन्सच्या कारखान्यात कारागीर आहे, मूळचा जळगावकडचा, वय तिशीचं.

‘गेल्या आठ-दहा दिवसांत पाण्यातून चालला होतात? घोटाभर, गुडघाभर?’

तो एवढ्या तापातही हसतो. जुलैच्या उल्हासनगरात हा प्रश्न कुणी विचारतं का, असं ते हसणं. ‘वालधुनीच्या कडेलाच घर आहे, मॅडम. पाणीच आलं होतं घरात.’

‘पायाला कुठे जखम?’

टाचांना भेगा आहेत. मॅडम खाली वाकून, मोबाइलचा टॉर्च लावून त्या बघतात. लघवी कधी झाली, किती झाली, रंग कसा होता, हे तीन वेगळे प्रश्न म्हणून विचारतात आणि तिन्ही उत्तरं कागदावर उतरवतात. बाजूच्या खुर्चीत सर बसलेत, दवाखाना त्यांचाच. वय 76, हाताची घडी, नजर खिडकीबाहेर. त्यांनी स्वतःला नियम घालून घेतलाय: मॅडम निदान बोलून दाखवत नाहीत तोवर आपण तोंड उघडायचं नाही.

‘लेप्टो वाटतोय, सर. डेंग्यू-मलेरियाही बघायला हवा. पण लघवी कमी झालीय, त्यामुळे रिपोर्टसाठी घरी थांबायला नको. सेंट्रल हॉस्पिटलला पाठवते.’

‘भेजो,’ सर म्हणतात. ‘पहली गोली यहीं खिलाके भेजो.’

गोळी म्हणजे लेप्टोस्पायरोसिसवरचं डॉक्सिसायक्लिन. इथे मॅडमचा हात मोबाइलकडे जातो. आजार झाल्यावर द्यायचा डोस 100 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. पुराच्या पाण्यात उतरावंच लागणाऱ्याला आधीच द्यायचा तो 200, आठवड्यातून एकदा. हे दोन आकडे डोक्यात अजून एकमेकांच्या जागेवर जाऊन बसतात, असं त्यांनी मला सकाळी गाडीत सांगितलं होतं. म्हणून त्या बघतात. माहीत असलं तरी बघतात.

कारागीर मोबाइलकडे बघतो, मग कंपाउंडरकाकांकडे, मग पडद्याअलीकडच्या बाकावर बसलेल्या माझ्याकडे. हिला औषध बघून द्यावं लागतं? तो बोलत काही नाही, पण चेहऱ्यावर वाचता येतं.

सरांनाही वाचता येतं. ‘मैं भी देखता हूँ, भाई. मेरी किताब ड्रॉवर में रहती है, इनकी हाथ में।’ आणि खरंच ड्रॉवर ओढून, कव्हर गेलेलं एक जाडजूड पुस्तक टेबलावर आदळतात.

गोळी बिस्किटानंतर, भांडंभर पाण्याबरोबर. घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, अन्ननलिकेला चिकटली तर जखम करते. चिठ्ठीवर मॅडम औषधाचं नाव सुट्या मोठ्या अक्षरांत लिहितात. पूर्वी त्यांचं अक्षर डॉक्टरी होतं म्हणे. 2016 पासून नियमाने जेनेरिक नाव, वाचता येईल असं, लिहायचं आहे. कारागिराला रिक्षात बसवायला कंपाउंडरकाका स्वतः चौकापर्यंत जातात, तेवढ्यात बाकावर आणखी पाच जण येऊन बसलेत.

ही खोली म्हणजे कॅम्प चारमधल्या एका बॅरेकची खोली. दुसऱ्या महायुद्धात कल्याणच्या या अंगाला लष्कराचा तळ होता. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्याच बॅरेक्स मिळाल्या आणि 1949 साली गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते कल्याण कॅम्पचं उल्हासनगर झालं. सरांचे आईवडील शिकारपूरहून आलेले. सर त्याच वर्षी, याच कॅम्पात जन्मले. गावाच्या आणि त्यांच्या वयात फरक नाही. बॅरेक केव्हाच पाडून नवं बांधकाम झालंय, पत्ता मात्र अजून बॅरेक नंबरानेच सांगतात. तपासणी आणि दोन दिवसांची औषधं मिळून 120 रुपये. काका कात्रीने गोळ्यांची पट्टी कापतात, कागदी पाकिटात भरतात आणि पाकिटावर बॉलपेनने सूर्य किंवा चंद्र काढून देतात. वाचता न येणाऱ्यालाही कळतं कोणती केव्हा घ्यायची.

मॅडमचं नाव मी देत नाही, त्यांनीच नको म्हटलंय. राहतात बदलापूरला. सोलापूरहून 1999 साली एमबीबीएस झाल्या, मग डोंबिवलीत भाड्याच्या गाळ्यात जनरल प्रॅक्टिस. चांगली चालायची. 2007 साली दुसरा मुलगा झाला, तोही दिवस पुरे व्हायच्या आत. तो तीन महिन्यांचा होतो न होतो तोच सासऱ्यांना अर्धांगवायू. गाळ्याचं भाडं सहा महिने बसून भरलं, सातव्या महिन्यात तपासणीचं टेबल, स्टरिलायझर, वजनकाटा सगळं विकलं. स्टेथोस्कोप तेवढा कपाटात राहिला. सासरे अकरा वर्षं अंथरुणावर होते.

‘अकरा वर्षांत त्यांना एक बेडसोर होऊ दिला नाही मी,’ मॅडम सांगतात. ‘नोकरीच्या अर्जात हे कुठल्या रकान्यात लिहायचं?’

यंदा धाकटा बारावी झाला. मॅडम परत आल्या आहेत, अठरा वर्षांनी.

आपल्याकडे डॉक्टरकी सोडणं ही तशी कौतुकाची गोष्ट आहे. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन. 1969 साली ते सगळं बाजूला ठेवून पूर्णवेळ रंगभूमीवर आले आणि महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतलं, ते योग्यच होतं. पण रंगभूमीसाठी सोडणाऱ्याची गोष्ट होते, दुपट्यांसाठी सोडणारीची होत नाही. ती पाहुण्यांना चहा देताना ‘ही पण डॉक्टर आहे बरं का’ एवढ्यात संपते. 2001 च्या जनगणनेवरून जागतिक आरोग्य संघटनेसाठी केलेला एक अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला; त्यात देशातल्या अ‍ॅलोपॅथी डॉक्टरांत बायका 17 टक्के निघाल्या. त्याला एक कारण पूर्वी मुली मेडिकलला कमी जायच्या हे आहेच. मात्र आज कुठल्याही मेडिकल कॉलेजच्या वर्गात डोकावलं तर बाकांवर जितक्या मुली दिसतात तितक्या गल्लीतल्या पाट्यांवर दिसत नाहीत, हे सांगायला अभ्यासाची गरज नाही.

कागदावर परत येणं अवघड गेलं नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, आणि त्यासाठी पाच वर्षांत 30 क्रेडिट पॉइंट लागतात. मॅडमनी ते गोळा केले: हॉटेलांतल्या परिषदा, ऑनलाइन व्याख्यानं, शेवटी बुफे. ‘हार्ट फेल्युअरच्या नव्यातल्या नव्या औषधाची स्लाइड मला पाठ होती,’ त्या म्हणतात, ‘आणि घरच्यांखेरीज कुणाच्या पोटाला अठरा वर्षांत हात लावला नव्हता.’

गोम इथे आहे. ऑस्ट्रेलियात डॉक्टरने वर्षाला निदान 152 तास, किंवा तीन वर्षांत मिळून 456 तास काम केलेलं असावं लागतं. खंड तीन वर्षांवर गेला तर परत कसं येणार, कुणाच्या देखरेखीखाली येणार, याचा आराखडाच मंडळापुढे ठेवावा लागतो. ब्रिटनमधल्या मार्गदर्शिकेनुसार तीन महिन्यांहून जास्त गैरहजेरी झाली की परतीची आखणी करायची. आपल्याकडे पॉइंट भरले की अठरा वर्षांनंतरही कुणी काही विचारत नाही. वरवर ही मोकळीक वाटेल. मला ती हेळसांड वाटते, डॉक्टरची आणि पेशंटचीही. विचारायला कुणी नाही, याचाच अर्थ शिकवायलाही कुणी नाही.

मॅडमनी दोन खाजगी रुग्णालयांत विचारून पाहिलं. एकाने वय ऐकून चहा पाजला. दुसऱ्याने आरएमओची रात्रपाळी देऊ केली, पहिल्या रात्रीपासून एकटीने, तीस खाटांवर. ती नाकारली हा मॅडमनी घेतलेला पहिला वैद्यकीय निर्णय, आणि बरोबर निर्णय. सर भेटले ते अशाच एका परिषदेत, जेवणाच्या रांगेत. ‘सुबह आके बैठो,’ एवढंच म्हणाले. पगार नाही, सर्टिफिकेट नाही. सरांच्या टेबलाला जोडलेली ही एक खुर्ची, एवढाच या पट्ट्यातला परतीचा अभ्यासक्रम.

पुढची पेशंट सत्तरीची आजी. गुडघे. सिंधीत काहीतरी लांबलचक सांगतात, सर तोंड उघडत नाहीत, मॅडम हातवाऱ्यांवरून समजून घेतात. गुडघा वाकवून, वाटीवर तळवा ठेवून आतली करकर अजमावतात. मग पेन कागदावर टेकतं, भराभर काहीतरी लिहितं, आणि कागद काकांकडे येतो.

काका कागद बघतात. उठून पडद्याजवळ जातात, आजींना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणतात, ‘मॅडम, ये तो बंद होके जमाना हो गया।’

प्रॉक्सिव्हॉन. डोंबिवलीच्या गाळ्यात दिवसाला दहा वेळा लिहिलेलं नाव, हाताने आपोआप लिहिलंय. त्यातल्या डेक्स्ट्रोप्रोपॉक्सिफिनवर 2013 साली बंदी आली. मॅडम कानांपर्यंत लाल होतात, ते नाव खोडतात आणि पॅरासिटामॉल लिहितात, सोबत मांडीचे स्नायू बळकट करायचा व्यायाम. तो व्यायाम मात्र आजींना खुर्चीत बसवून, पाय सरळ करून, दहापर्यंत मोजून शिकवतात. आजींना गोळीपेक्षा हे आवडलेलं दिसतं.

रोग्याच्या अंगावर हात ठेवल्यावर काय कळतं, ते विसरलेलं नाही. घोळ होतो तो औषधांच्या नावांचा, आणि मधल्या काळात बाजारातली औषधंच बदलली आहेत. लहान मुलांच्या तापाला सर्रास दिलं जाणारं निमेसुलाइड 2011 पासून 12 वर्षांखालच्यांना बंद. मधुमेहाचं रोझिग्लिटाझोन 2010 साली गेलं. मधुमेहाचीच जी ग्लिप्टिन 2007 साली मॅडमच्या ऐकिवातही नव्हती, ती पेटंट संपल्यावर इतकी स्वस्त झाली की काकांच्या बरणीत आली. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मागायला आलेल्याला आता औषधवाला शेड्यूल एच-वनचं रजिस्टर दाखवू शकतो, 2014 पासून. निदान दाखवू शकतो, असं म्हणते. दाखवतोच असं नाही. मॅडमकडे एक शाळेची वही आहे. डावीकडे ‘गेलेली’, उजवीकडे ‘आलेली’. काकांनी सांगितलं की त्या लिहून घेतात, आणि काका कौन्सिलच्या कुठल्याही वक्त्यापेक्षा नेमकं सांगतात.

अकराच्या सुमारास खोकल्याचा एक पेशंट येतो, तीन आठवड्यांचा खोकला, वजन उतरलेलं. मॅडमची पाठ ताठ होते. क्षयरोग त्यांचा हातखंडा होता. त्यांच्या वेळी पेशंटच्या नावाचा लाल खोका यायचा, दिवसाआड गोळ्या, समोर बसवून गिळायला लावायच्या. आता दिवसाआड नाही, 2017 पासून रोज, वजनाच्या हिशेबात एकत्र केलेल्या गोळ्या. थुंकी नुसती काचपट्टीवर बघत नाहीत, सीबीनॅट मशिनमध्ये घालतात, औषधाला दाद देणारा जंतू आहे की नाही तेही कळतं. आणि खाजगी डॉक्टरनेही पेशंट सरकारला कळवायचाच, 2012 पासून. निक्षय पोर्टलवर नोंद कशी करायची हे मॅडम सरांना दाखवतात. होय, मॅडम सरांना. सरांचा पासवर्ड हरवलाय, तो कितव्यांदा हे काका सांगू शकतील.

‘हर महीने हजार रुपये मिलेंगे, खाने के लिए,’ मॅडम पेशंटच्या बायकोला सांगतात. सर भुवया उंचावतात. त्यांच्या लेखी ते अजून पाचशेच होते. वाढ 2024 च्या नोव्हेंबरातली. वहीत नोंद मॅडमच्या नाही, सरांच्या अक्षरात होते.

साडेबाराला बाक रिकामा होतो, चहा येतो. सरांना कराचीच्या बातम्यांचा नाद आहे, तो वडिलांकडून आलेला. ‘वहाँ दो डॉक्टर लड़कियों ने कंपनी खोली है,’ ते सांगतात. सारा सईद खुर्रम आणि इफ्फत जफर आगा यांची ‘सेहत कहानी’. पाकिस्तानात लग्नानंतर घरी बसलेल्या डॉक्टर मुली पुष्कळ. त्यांना घरूनच व्हिडिओवर पेशंट तपासता यावेत, पलीकडे दवाखान्यात नर्स असावी, अशी ती सोय. आपल्याकडेही 25 मार्च 2020 ला टेलिमेडिसिनचे नियम आले, तेव्हा तुम्ही घरूनच का करत नाही, असा सरांचा सवाल.

‘सर, मला घरातूनच तर बाहेर पडायचंय,’ मॅडम म्हणतात. सर इतके हसतात की चहा बशीत सांडतो.

एक वाजता आम्ही स्टेशनवर. सकाळी बदलापूरहून येताना लेडीज डब्यात दारापाशी उभ्या बायकांनी ‘उल्हासनगर? मग आत कशाला शिरता!’ म्हणून झापलं होतं. मुंबईकडच्या गर्दीत दोन स्टेशनांसाठी चढणाऱ्याला कुणी माया दाखवत नाही. आता उलट्या दिशेची गाडी अर्धी रिकामी आहे. पुढचंच अंबरनाथ. कारागिराच्या घरात शिरलेली वालधुनी इथूनच खाली येते, 1060 साली बांधलेल्या शिवमंदिराला वळसा घालून.  आम्ही तिकडे जात नाही. ऑर्डनन्स फॅक्टरीच्या बाजूच्या एका धर्मादाय दवाखान्यात मॅडमची एक मैत्रीण आहे, तिच्याकडे जातो.

मैत्रीणही परतलेलीच, पण वेगळ्या दाराने. नऊ वर्षं घरी होत्या. 8 एप्रिल 2020 रोजी तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी निवृत्त आणि प्रशिक्षित पण काम करत नसलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना ‘कोविड योद्धा’ म्हणून पुढे यायचं आवाहन केलं. या मैत्रिणीने त्याच रात्री अर्ज भरला.

‘किती वर्षं गॅप आहे, असं एकाने विचारलं नाही,’ त्या सांगतात. ‘पीपीई किट घातलं, उभी केली. पहिल्या दिवशी ऑक्सिजनचा फ्लोमीटर उलटा बसवत होते, वॉर्डबॉयने दाखवलं. तिसऱ्या आठवड्यात मी दुसऱ्यांना दाखवत होते. साथ संपली, करार संपला, आणि मग सगळे विचारायला लागले: मॅडम, मध्ये नऊ वर्षं काय करत होता?’

जेवणाच्या सुट्टीत या दोघींचा एक कार्यक्रम असतो, तो मला बघायचा होता. तपासणीच्या टेबलावरची फोमची गादी खाली काढतात, तिची वळकटी करतात. पदर खोचून मॅडम गुडघ्यांवर बसतात, तळव्यावर तळवा, कोपर ताठ. मैत्रीण भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा बघून मोजते. छाती पाच-सहा सेंटिमीटर दबली पाहिजे, मिनिटाला 100 ते 120 वेळा, आणि दर दाबानंतर हात पूर्ण सैल. मॅडम शिकल्या तेव्हा क्रम होता आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग छातीवर दाब. 2010 साली तो फिरला, दाब आधी आला. जुन्या क्रमाने त्यांचा हात अजून वळकटीच्या वरच्या टोकाकडे, हनुवटी उचलायला जातो. ‘खाली!’ मैत्रीण ओरडते. अर्ध्या मिनिटात मॅडमना घाम फुटतो, मिनिटाला मनगटं थरथरतात. मैत्रीण मोजणं थांबवत नाही. दोन मिनिटं झाल्यावर जागा बदलतात.

खरा प्लास्टिकचा पुतळा यासाठी मिळतो. इथे तो नाही. मेडिकल कॉलेजात असतो.

संध्याकाळी सातला बदलापूर पूर्व. चार डॉक्टरांनी मिळून भाड्याने घेतलेली जागा, बाहेर चार पाट्या. मॅडमची पाटी सर्वांत नवी, वेळ सात ते नऊ, भाडं तासावर. आत टेबलाखाली पिवळी आणि लाल पिशवी, आणि सुयांसाठी पांढरा, छेद न जाणारा डबा. डोंबिवलीत सगळं एका बादलीत जायचं. मॅडम टेबल पुसतात, पॅड सरळ ठेवतात, पेन सरळ ठेवतात. पावणेआठपर्यंत कुणी येत नाही. बदलापुरात दवाखान्याची वेळ घड्याळावर नसते, लोकलवर असते. ऑफिसातून माणूस उतरेल, घरी जाईल, मुलाचं कपाळ चाचपेल आणि मग निघेल.

आठ वाजता एक आई येते, अंगावर अजून ऑफिसची ओढणी, कडेवर अडीच वर्षांची मुलगी. ताप, खोकला, दोन दिवस. ‘सुई देऊन टाका मॅडम, उद्या मला सुट्टी नाही.’

‘आधी बघू दे.’ मॅडम स्टेथोस्कोपची चकती दोन्ही तळव्यांत धरून ठेवतात, गरम होईपर्यंत. मुलीला आईच्या मांडीवरच राहू देतात, फ्रॉक वर करतात आणि लगेच काहीच करत नाहीत. घड्याळ बघत नुसत्या पोटाकडे बघतात. पूर्ण एक मिनिट. आई चुळबुळते. मुलगी मॅडमच्या बांगडीशी खेळते. बाहेर अंबरनाथच्या बाजूने गाडी आल्याचा आवाज.

‘सेहेचाळीस,’ मॅडम म्हणतात. एक ते पाच वर्षांच्या मुलाचा श्वास मिनिटाला 40 किंवा वर गेला तर न्यूमोनिया धरायचा. मग चकती छातीला, पुढे, काखेत, पाठीला. बरगड्या आत ओढल्या जात नाहीत, मुलगी पाणी पिते, बांगडी ओढते, म्हणजे आज रुग्णालयाची घाई नाही. वजन 12 किलो. पॅरासिटामॉलचा हिशेब तोंडी होतो: पंधराने गुणून 180, म्हणजे 120 च्या सिरपचं साडेसात मिली. मोबाइल नाही, वही नाही. अमॉक्सिसिलिनचा डोस मात्र काढून बघतात, आईच्या समोर, मोबाइल टेबलावर ठेवून.

‘मॅडम, तुम्ही नव्या आहात का?’

‘नाही, जुनी आहे. परत बसायला लागलेय.’ मॅडम चिठ्ठी पुढे सरकवतात. ‘सुई नको. परवा परत दाखवा. त्याआधी श्वास जोरात वाटला, दूध-पाणी सोडलं, झोपेतून उठेना, तर रात्रीसुद्धा फोन करा. हा माझा नंबर.’

आई चिठ्ठी दोनदा वाचते. वाचता येतेय, याचंच तिला नवल. नऊ वाजेपर्यंत आणखी तिघे येतात. त्यातला एक फक्त फिटनेस सर्टिफिकेट मागायला, तेही न तपासता. त्याला मॅडम बीपी घेतल्याशिवाय सोडत नाहीत, आणि ते निघतं 170 वर 100. सर्टिफिकेट राहतं बाजूला. पाच मिनिटं बसवून त्या पुन्हा मोजतात, दुसऱ्या हाताला.

जाताना कारागिराची खबर येते, काकांचा फोन: सेंट्रलला दाखल करून घेतलंय, सलाइन चालू आहे. मॅडम वहीत तारीख टाकून एक ओळ लिहितात.

अंबरनाथला आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. 9 ऑक्टोबर 2024 ला राज्यातल्या आणखी नऊ नव्या महाविद्यालयांबरोबर त्याचं उद्घाटन झालं, वर्षाला 100 जागा. त्या शंभर मुलामुलींना शिकवायला जे अध्यापक, जे पुतळे, जी ओपीडी लागणार आहे, त्यातच परतणाऱ्या डॉक्टरांसाठी चार जास्तीच्या खुर्च्या बसतील. आठ-दहा आठवडे, सकाळची ओपीडी, एक वरिष्ठ डॉक्टर शेजारी, शेवटी हातांची परीक्षा. इमारत नको, नवं पद नको. मेडिकल कौन्सिलने या आठवड्यांना क्रेडिट पॉइंट दिले, तर बुफेच्या रांगेतली काही गर्दी आपोआप इकडे वळेल. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापुरातल्या ज्या जुन्या डॉक्टरांच्या बाकावर रोज गर्दी असते, त्यांनी महाविद्यालयाची वाट बघू नये. एक खुर्ची टाकायला कुणाची परवानगी लागत नाही.

आणि वाचकहो, तुमच्या घरात, सोसायटीत, नात्यात अशी कुणी घरी बसलेली डॉक्टर असेल, तर तिला परत येणार का, असं विचारण्याआधी तिच्या नोंदणीची मुदत कधी संपते ते तिच्याबरोबर बसून बघा. संपली असेल तर नूतनीकरणाचा अर्ज ऑनलाइन भरता येतो. तेवढा भरायला लावा.